जाड पानाचा फणस

जामसंड्याच्या एसटी थांब्यावर परबमास्तर पुस्तक उघडून बसले होते, पण कान शेजारच्या आत्या-भाचीकडे होते.

"आत्ये, कुंडी सांभाळ. बाटलीत वाढवलेल्या फणसाच्या चाळीस कोंबांका औषध दिलंय, ह्यो एकच जगलो."

"कसला औषध?"

"गुणसूत्रा दुप्पट होवची म्हणान. मगे साध्या झाडाशी संकर करून बिनआठळेचो फणस करुचो."

"आणि मी भाजी कसली करू? तुझ्या वह्यांची?"

"दुप्पट झाली काय, ता तरी कळांदे. तपासणीचो फोन येवचो आसा."

"थांब, पान बघतंय. फणसाच्या पानांच्यो पत्रावळी टाचण्यात जन्म गेलो माझो. ह्या पान जाड आसा. झाली दुप्पट."

फोन वाजला. भाचीने तो कानाला लावला. मास्तरांनी पुस्तक मिटलं.

"काय म्हणतत गो?"

"तू म्हणालंस ताच."

"मगे यंदा आठळ्यो पोटभर खावन घे."