तिसरी फुंकर

— नाही नाही, उठू नका, पंधरा मिनिटं बसायचंय अजून. औषध आत ओढलंत ना, ते छातीत पसरायला वेळ लागतो. मग पुन्हा ह्याच नळीत फुंकायचं, तीनदा. मघाशी पहिल्यांदा बिचकत फुंकलंत, दुसऱ्यांदा बरं, तिसऱ्यांदा झकास — सगळ्यांचं असंच होतं. वीस वर्षं श्वास मोजायच्या ह्या यंत्रापुढे लोकांच्या मागे लागतेय, फुंका, अजून, अजून. माणूस सरावतो, तिसरी फुंकर चढते. उतरत गेलेली फार क्वचित दिसते. मी पाहिली ती नेमकी कोणाची? आमच्या ह्यांची.

हे शिंपी. कोट शिवतात, टाका शोधून सापडायचा नाही असा हात. गेल्या वर्षी काय व्हायला लागलं — सकाळी शीळ घालत दुकानात जायचे आणि संध्याकाळी यायचे ते पिळून काढल्यासारखे. मी बोलायला बसले की डावी पापणी खाली. आधी अर्धी, मग पाऊण. आता मी बोलते जरा जास्त, ते तुमच्याही ध्यानात आलं असेल, पण म्हणून नवऱ्याने एक डोळा मिटून ऐकावं? ताट अर्ध्यावर सारायचे, म्हणायचे, चावून दमलो. चावून कोणी दमतं? मी म्हटलं, सरळ सांगा ना, भाजी बिघडली. त्यावर नाकातल्या नाकात काहीतरी पुटपुटायचे — आवाजच तसा झाला होता, मला वाटलं, वेडावतात. चष्मा दोनदा बदलला, का तर सुईला दोन नेढी दिसतात. मी म्हटलं, मग दोन्हींतून ओवा. पुढे तर खुर्चीत झोपायला लागले. मला वाटलं, रुसलेत.

हसताय. मीही हसायचे, पण किती दिवस? बाहेर जाताना ताजा आणि घरी आला की मलूल, असा नवरा असला की बाईच्या डोक्यात काय येणार — तेच आलं. बहिणीला फोन केला, बॅग भरली. म्हणजे बॅग कसली, चार कपडे. आणि एक दिवस अर्धी रजा टाकून त्यांच्या दुकानासमोरच्या चपलांच्या दुकानात जाऊन बसले. तासाभरात सहा जोड घालून पाहिले, लक्ष सगळं रस्त्यापलीकडे.

बाई वगैरे कोणी नाही. हे एकटेच. पाच वाजले तसे आरशासमोर उभे राहिले, चिकटपट्टीचा तुकडा तोडला, पापणी बोटाने वर उचलली आणि कपाळाला चिकटवून टाकली. मग खाली बसून काज करायला लागले, जसं काही झालंच नाही.

मी तशीच धावले, एका पायात माझी चप्पल, एका पायात दुकानाची. म्हटलं, हे कधीपासून? तर म्हणाले, "डोळे गेले तर शिवणार काय? म्हणून बोललो नाही." मी विचारलं, खुर्चीत का झोपता? म्हणाले, "आडवं झालं की दम कोंडतो. तुझी झोप मोडू नये म्हणून उठून बसतो." झोप मोडू नये म्हणून. आणि मी बॅग भरत होते.

तडक इथे, हॉस्पिटलात आणलं, तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत बसवलं. पहिली फुंकर ठीक, दुसरी कमी, तिसरी निम्मीसुद्धा नाही. छाती स्वच्छ होती, फुप्फुसं धडधाकट. मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाई आल्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी काय करावं? पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवला, आणि पापणी वर. मायस्थेनिया म्हणतात. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. वापरलं की बळ सरतं, विसावा घेतला की परत येतं. रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. श्वासाचे स्नायूही थकत चालले होते, अजून थोडं थांबला असतात तर श्वासासाठी घशात नळी घालावी लागली असती, म्हणाल्या. नऊ दिवस इथे होते. आता गोळ्या, दिवसातून चार वेळा, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून माझं ऐकतात. परवा म्हणाले, आता खरंच कंटाळा आला तर सबब काय सांगू?

येईल त्याला सांगत असतात, बायकोने बरोबर ओळखलं, माझ्या काळजीने दुकानात धावत आली. मी नाही म्हणत नाही. चपलांच्या दुकानात कशाला बसले होते, ते बहिणीलासुद्धा सांगितलेलं नाही. आज तुमच्यापाशी कसं निघालं कोण जाणे. तुम्ही काय, परके, आज आलात, उद्या—

काय म्हणालात? कुठला कोट? चपलांच्या दुकानासमोर? उद्याच आणायला जाणार?

— नळी धरा. ओठ घट्ट मिटा. आता एक अक्षर बोलायचं नाही.