आधी हॉर्न, मग गाडी

"आधी हलतं आणि मग हॉर्न मारतं! तीस वर्सं मालगाडी चालवली मी, जमना. असं केलं असतं तर मला घरी बसवलं असतं."

"अवो, खेळण्यातलं इंजिन हाय ते. लेकानं हौसेनं आणलं पोरीला."

"आवाजाची चिप कंपनीतूनच चुकीची बसवलीय. वर चिकटवून टाकलीय, बदलता पण येत नाय. परत पाठवायचं."

बोईसरला कुरियरच्या लायनीत दोघं माझ्या पुढंच उभी. आजोबांच्या हातात खोकं.

"पाठवा. महिन्यानं येईल. सलोनी रविवारी सुरतेला परत जाते. तवर तिनं खेळायचं कशाशी, तुमच्या चष्म्याशी?"

"पण ती चुकीचं शिकंल ना!"

"सात वर्साची हाय ती. उद्या मला मिक्सर लावायच्या आधी पण हॉर्न मारायला सांगाल."

"मारावा. झाकण उडणार नाय."

"रिमोटवर आवाज बंद करायचं बटन हाय का?"

"हाय. पण मग इंजिन मुकं जाईल."

"मुकं कशाला? रिमोट तिच्याकडं, हॉर्न तुमच्या तोंडानं. तुमी वाजवला नाय, तर तिनं गाडी हलवायची नाय."

आजोबांनी गाल फुगवून असा लांब भोंगा काढला, की काउंटरवाला उभाच राहिला.

"आजोबा, पार्सल द्या इकडं!"

"कसलं पार्सल? घरी गाडी खोळंबलीय."

बाहेर दांडी गावाची शेअर रिक्षा भरत आलीय, मला आता निघायला लागंल.