तट्टीमागची भागरताबाई

भावांनो, आणि बांबूच्या तट्टीच्या आत बसलेल्या माझ्या बायांनो,

धानकापणीचे दिवस सोडून तुम्ही सगळे भागरताबाईच्या शोकसभेला आलात. वैनगंगेपलीकडून डोंग्यात बसून आलात. गोंडटोल्यावरून मैनाबाई आणि तिच्या दोन सुना पहाटेच निघून पायी आल्या. मी इथला शाळामास्तर, आणि या कोसा सोसायटीचा चिटणीस. बोलणं हा माझा धंदाच आहे. पण आजचं बोलणं धंद्याचं नाही. बोलताना अडलो तर सांभाळून घ्या.

मघाशी या झोपडीच्या दाराशी आलो आणि सवयीनं खाकरलो. आत तुम्ही वीस-पंचवीस बाया बसल्या आहात, हे मला ठाऊक होतं. तरी आतून कोणी काही बोललं नाही. मी तिथंच उभा. शेवटी मागून कोणीतरी म्हणालं, गुरुजी, सभा अंगणात आहे, इकडं या.

बाहेरगावच्या पाहुण्यांना हे कळणार नाही, म्हणून सांगतो. कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, धागा आमच्याकडे मांडीवर निघतो. कोसले, म्हणजे रेशीमकिड्यांचे कोश, राखेच्या पाण्यात उकळायचे, चार-पाच कोसल्यांच्या तारा एकत्र धरायच्या, आणि उघड्या मांडीवर तळहातानं पीळ द्यायचा. लुगडं वर सारल्याशिवाय हे काम होत नाही. चारचौघांत हे बोलताना मला अवघड वाटतं. भागरताबाईला वाटत नव्हतं. ती म्हणायची, "शेतकऱ्याचं जसं वावर, तशी आमची मांडी. तिथूनच पिकते. लाज कायची?" आणि लगेच पुढे म्हणायची, "पन वावरात कोनी इचारल्याबिगर पाय टाकते काय?"

सोसायटी नव्हती तेव्हा प्रत्येक बाई आपापल्या घरी, आतल्या अंधाऱ्या खोलीत दार लोटून एकटी बसायची. धागा सासू बाहेर नेऊन द्यायची. व्यापारी म्हणेल ती पूर्व दिशा. त्या अंधारात किती जणींचे डोळे गेले, ते तुम्हाला माहीत आहे. मग सोसायटी निघाली आणि सगळ्या बायांनी एका जागी, उजेडात बसून काम करायचं ठरलं. तेव्हा याच अंगणात प्रश्न आला. आमच्या सुना झोपडीत बसून मांड्या उघड्या टाकणार, आणि येणारे-जाणारे पाहणार? विचारणारे आजही समोर बसले आहेत. मी नाव घेत नाही. ते खाली पाहत आहेत, तेवढं पुरे.

त्या दिवशी भागरताबाई उठली. ढिवराची बाई. तलावावर जाळं टाकायला गेलेला नवरा परत आला नव्हता, पदरी मूल नव्हतं. ती म्हणाली, तुम्ही झोपडी बांधून द्या, तट्टी आम्ही बांधतो. पुरुष माणसानं दहा पावलांवरून खाकरायचं. मी थांबा म्हणेन, मग या म्हणेन. या म्हटल्याशिवाय कोणी पाय टाकला, तर झोपडी बंद, आणि ती मीच बंद करीन.

झालं. तेवढ्या एका शब्दावर सासवांनी सुना पाठवल्या. मी खाकरायचो. आतला तळहातांचा सर्र-सर्र आवाज एकदम थांबायचा. "थांबा." मग लुगडी सावरल्याची खसफस, कोणाचं तरी हसू दाबलेलं. आणि मग, "या." सहा वर्षं मी हे रोज ऐकलं. आज विचाराल तर गावातला मला सगळ्यात आवडणारा आवाज तो होता. ती गेल्यावर हे कळलं, हीच तर गोष्ट आहे.

आणि तिचा शब्द पहिला मोडला कोणी? मीच. लपवून काय करू? नागपूरच्या प्रदर्शनात आपला कोसा मांडायचा म्हणून पत्र आलं होतं. मला धीर धरवेना. हातात पत्र घेऊन धावत आलो, खाकरायचं विसरलो, आणि थेट दारात. आत एकच गोंधळ उडाला. मी तसाच मागं फिरलो, पण व्हायचं ते झालं होतं. दुसऱ्या दिवशी झोपडीत एकही बाई नव्हती. तिसऱ्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी नाही.

पाचव्या दिवशी भागरताबाई माझ्या घरी आली. ओसरीवर बसली. पाणी घेतलं. मी म्हणालो, "बाई, माझी चूक झाली. मनात काही नव्हतं." ती म्हणाली, "गुरुजी, तुमच्या मनात काई नव्हतं, हे मले मालूम आहे. पन या पोरींनं आता कोनाच्या शब्दावर बसावं? माझ्या? माझा शब्द तं तुमी मोडला."

 मी विचारलं, काय करू? ती म्हणाली, घरोघरी जा, पण आत जाऊ नका. प्रत्येक दारात खाकरा आणि उभे राहा. घरच्या बाईनं थांबा म्हणू द्या, या म्हणू द्या. मगच बोला.

शाळामास्तर सोसायटीच्या एकेका घरापुढे खाकरत उभा राहिला. पोरं मागं मागं फिरत होती, हसत होती. पहिल्या घरी कोणी बोललं नाही. मी उन्हात उभाच. बऱ्याच वेळानं आतून एक बारीक आवाज आला, "थांबा." आयुष्यात त्या पोरीनं कुठल्या पुरुषाला थांबवलं नसेल. ती पोर आज आत बसली आहे. तिचंही नाव घेत नाही. सातव्या दिवशी झोपडी भरली. तेव्हापासून मला अशी सवय लागली की मी स्वतःच्या घरातसुद्धा खाकरून जातो. आमच्या घरची हसते. म्हणते, या, तुमचंच घर आहे.

पुढे नागपूरचे साहेब आले. सोसायटीचं काम आतून पाहायचं होतं त्यांना. ते मोठे, मी घाबरलेला. ते जरासे खाकरले, आतून उत्तर नाही. मी तट्टीजवळ जाऊन हळूच म्हणालो, "बाई, साहेब आहेत." आतून आवाज आला, "मोठे असतीन साहेब. मंग खाकराले लाजते काऊन?" साहेब भले माणूस. मोठ्यानं खाकरले. आंब्याखाली चांगली अर्धी घटका उभे राहिले. जाताना मला म्हणाले, मास्तर, तुमच्या सोसायटीत शिस्त आहे.

मैनाबाई, तुम्हीही ऐका. तुम्ही जंगलातून डोक्यावर कोसल्यांची टोपली घेऊन पहिल्यांदा आलात, तेव्हा तट्टीबाहेरच बसून राहिला होतात. आत जायचं की नाही, कळेना. भागरताबाईनं आतून विचारलं होतं, "खाकराचं मर्द मानसाईनं. तू काऊन बाहेर?" आणि तुम्हाला हाताला धरून आत नेलं. मी अंगणात होतो. गोंडटोल्याची बाई आणि ढिवराची बाई एका मडक्याभोवती बसल्या, आणि गावानं ते खपवून घेतलं, कारण गावाला आत पाहायची परवानगीच नव्हती.

मग या आश्विनात तिला हिवतापानं धरलं. मी भेटायला गेलो. तिच्या दारात खाकरलो आणि उभा राहिलो. आतून बारीक आवाज आला, "या."

नुसतं या. मला पुढे पाऊल टाकवेना. मी म्हणालो, "बाई, आज थांबा नाई म्हनलं?" ती म्हणाली, "आता कोनतं काम चालू आहे, गुरुजी?" मी आत गेलो. ती खाटेवर होती. हात पांघरुणावर होता, आणि तळहात हळूहळू मागे-पुढे सरकत होता. पीळ देत होती ती, धागा नसताना. तिनं विचारलं, "मी गेल्यावर थांबा कोन म्हनन?" मी म्हणालो, म्हणेल कोणीतरी. ती म्हणाली, "कोनीतरी म्हंजे कोनीच नाई." मला खूप बोलायचं होतं, भागरताबाई. मी फक्त तुमच्या उशाशी पाण्याचा गडवा भरून ठेवला आणि परत आलो. ते अजून टोचतं.

काल तेरवी झाली. या तेरा दिवसांत झोपडीत एकही कोसला उकळला नाही. गावात बोलणं सुरू झालं आहे की बायांनी आता आपापल्या घरीच बसावं, पूर्वीसारखं. व्यापारी दोनदा येऊन गेला म्हणतात. भावांनो, मी तुमच्याशी भांडायला उभा नाही. माझ्या हातात काही नाही. सोसायटीचा शिक्का माझ्याकडे आहे, पण झोपडी शिक्क्यावर कधी चालली नाही. ती आतल्या एका शब्दावर चालली, आणि तो शब्द मी लिहून देऊ शकत नाही.

मला भागरताबाई पाहिजे आहे. एवढंच सांगतो. सकाळी शाळेत जाताना मी वळसा घालून झोपडीवरून जातो. काम नसतं. कान तट्टीकडं असतो. असं किती दिवस करीन, मला माहीत नाही.

आता आपण भागरताबाईसाठी शांत उभे राहू. ही शांतता घड्याळावर धरायची नाही. तुम्ही अंगणात उभे राहा. मी दहा पावलं मागे जातो, आणि एकदा खाकरतो. मंग आतून, बायांनो, तुमच्यातल्या जिले वाटंल तिनं बोलावं. मोठीनं बोलावं, लहानीनं बोलावं, गोंडटोल्याच्या सुनेनं बोलावं. तिचा शब्द आला की आपण सगळे बसू, आणि उद्या झोपडीतली चूल पेटंल.

शब्द नाई आला, तं मी तिथीच उभा राहीन. भागरताबाईनं मले उभं राहणं शिकवलं आहे. उठा भावांनो. मी मागं जातो.