आमच्या घराची बारी

आमी मूळचे नांदूरघाटाकडचे. माझं नाव मार्था, पर गावात समदी मारताबाईच म्हनत्यात. माझा बाप, आबा, लोकाची शेरडं-मेंढरं राखायचा, अक्षर एक येत नव्हतं, पर दिवेलागन झाली की आमा पाच लेकरांना घोंगड्यावर बसवायचा आन् म्हनायचा, चला, देवाशी बोला. आन् काय सांगू तुमाला, सवता पयली प्रार्थना कदी करायचा न्हाई. गप बसायचा. धाकल्यापासनं सुरुवात. धाकला म्हनायचा, देवा, शेळीचा पाय बरा कर, आमेन. झालं. मंग त्याच्या वरचा, मंग मी. कुनी अडलं तर आबा वाट बघायचा, भाकरी गार व्हायच्या, आई चुळबूळ करायची, पर आबा एक शब्द सुचवायचा न्हाई.

तवा गावात किरिस्ताव घरं तीन, चर्च न्हाई की पाळकसाहेब न्हाई. आमा पोरांचं बोलनं ऐकत शेजारची लोकं भिंतीला टेकून बसायची, त्यांच्याकडं काई दुखलंखुपलं तर आमालाच सांगायची, आमच्यासाठीबी मागा गं. असं एकेक घर मंडळीत आलं. थोरली बहीन चौसाळ्याला दिली, तिनं सासरी तसंच सुरू केलं, आज तितं रविवारी आंगन पुरत न्हाई. कुनी मोठी भाषनं दिली न्हाईत बघा, लेकरं घरात देवाशी बोलाया शिकली म्हनून मंडळी वाढली, ह्या डोळ्यांनी बघितलंय मी.

मला दिलं केजच्या बाजूला. नवरा लवकर वारला, मी शाळेत खिचडी शिजवून एकुलत्या एका पोराला, शामूला वाढवलं. आमचं चर्च म्हंजी पत्र्याचं शेड. पाळकसाहेब महिन्यातनं एकदा येत्यात, बाकीचे रविवार घरोघरची बारी असती, ज्या घराची बारी त्या घरानं गानं, शास्त्रवाचन, प्रार्थना समदं करायचं. आमची बारी आली की लोकं म्हनायची, आज मारताबाईची प्रार्थना हाय, लवकर चला. मला प्रार्थना लई चांगली येती, खोटं कावून बोलू. उभी ऱ्हायले की बाया पदरानं डोळे पुसत्यात.

घरीबी मीच. चुलीपाशी दमून आल्यावर कोन पोराची वाट बघत बसतंय, मी समद्यांची मिळून करून टाकायची, तो आमेन म्हनला की ताटं वाढायची. सून आली, नातवंडं झाली, तरी मीच. एकदा सून म्हनली, आत्याबाई, आज मी करू का? तर मी म्हनले, ऱ्हाऊ दे रूत, तुला जमायचं न्हाई, लेकरं भुकेजलीत.

झालं काय, मोतीबिंदूसाठी मला बीडला नेलं, आन् त्याच रविवारी आमची बारी. परत आल्यावर शेजारनीनं सांगितलं, तुमचं घर पुढं उभं ऱ्हायलं, गानं झालं, नातवानं शास्त्र वाचलं, आन् प्रार्थनेला कुनी तोंडच उघडंना. शामू खाली बघतोय, मंडळी डोळे मिटून बसलेली, शेवटी मागनं दुसऱ्याच घरच्या मानसानं केली. मी शामूला इचारलं, कावून रं असं? तो म्हनला, आई, तुझी ऐकायची सवय हाय, आमाला करायची कुटं हाय. डागदरानं रडू नको म्हनलं व्हतं, तरी रडले. मी गेल्यावर ह्या घरात देवाचं नाव कोन घेनार, आन् अशीच समदी घरं मुकी झाली तर त्या शेडला कुलूपच की वो, ह्याचं भ्या बसलं ते आजून बसलेलंच हाय.

त्या सांजेपासनं प्रार्थनेच्या येळी मी आबागत गप बसाया लागले. पयल्या दिवशी कुनीच बोललं न्हाई, शामूचा मोबाईल वाजला, तो उठून भायेर गेला. दुसऱ्या दिवशी नातवानं पाढे म्हनल्यागत पाठ प्रार्थना म्हनून टाकली. तिसऱ्या दिवशी परत शांत. माझ्या व्हटावर शब्द आलते, मी पदर तोंडात धरला. तवा रूत बोलली. देवा, मला येत न्हाई. आत्याबाईंनी मला कदी करू दिली न्हाई, त्याचा माझ्या मनात राग हाय, तो काढून टाक. त्यांचा डोळा बरा कर. आमेन.

लई लागलं मला. पर खरं सांगते, माझ्या इतक्या वर्सांच्या गोड प्रार्थनांत एवढं खरं मी कदी बोलले नसंन. मी आमेन म्हनले आन् उठून ताटं वाढली.

आता येत्या रविवारी परत आमची बारी. रूत म्हनती मी करते, शामू आजून हो म्हनत न्हाई. मी मागं बायांत बसनार हाय. ती अडली, लोकं माझ्याकडं वळून बघाया लागली, तर मी उठंन का काय, माझाच मला भरवसा न्हाई. देवानं त्येवढा वेळ माझं तोंड मिटून धरावं, दुसरं काई मागनं न्हाई. तुमीबी माझ्यासाठी तेवढंच मागा.