सरांची घरातली भाषा

एमबीएचा विषय निघालाच आहे, तर आमच्या सरांचं सांगते. कुंभकोणमच्या कॉलेजात ते आम्हाला मॅनेजमेंट शिकवायचे. वर्गात इंग्रजी, बाहेर तमिळ, आणि चेहरा कायम कडक. मी तिरुविडैमरुदूरहून ट्रेनने यायचे. आमचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी मराठी राजांबरोबर इकडे आले, म्हणून घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण उंबऱ्याबाहेर तमिळच.

एकदा तोंडी परीक्षेत सरांनी मला मॅनेजरची भूमिका दिली आणि मैत्रीण सेल्वीला संपावरच्या कामगारांच्या पुढाऱ्याची. सेल्वीने असा काही आवाज चढवला की मला एक शब्द सुचेना. आता नापास होणार, हे दिसायलाच लागलं. मी स्वतःशी पुटपुटले, "आई गं, आता काय करू?"

पहिल्या बाकावर बसलेले सर हळूच म्हणाले, "भिऊ नको. उगी उभी राहा, मग बोल."

मी बघतच राहिले. ही तर आमच्या घरातली मराठी! कशीबशी बोलले, पास झाले आणि सरांना बाहेर गाठलं.

"सर, तुम्ही आमच्यातले?"

"हो. आई गेली, तेव्हापासून बोलायला कोणी नाही."

मग रोज वर्ग सुटला की आम्ही व्हरांड्यात थोडा वेळ मराठी बोलायचो. रसम, पाऊस, सेल्वीचा आवाज, काहीही.

पुढे मला पुण्यात नोकरी लागली. पहिल्याच मीटिंगमध्ये माझी जुनाट मराठी ऐकून सगळे हसले. मी रडत रडत सरांना फोन केला.

सर म्हणाले, "हसू देत. तू फोन ठेवू नको. अजून थोडं बोल."