पंधरा तारखेचा मेसेज

मी, मोतीराम गोविंद तामोरे, वय ७४ वर्षे, धंदा पूर्वी मासेमारी, आता घरीच, शिक्षण चौथी, राहणार आगर, ता. डहाणू, जि. पालघर, पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगतो की,

वरील पत्त्यावर मी आणि माझी विधवा सून हंसा राहतो. सून डहाणूच्या बाजारात मासळी विकते. तिचा मुलगा भाविक, वय २५, इंग्लंडला शिकायला गेला. शिक्षण पुरे झाल्यावर त्याला तिथेच काम करण्याची परवानगी मिळाली. मनासारखी नोकरी मिळेना, म्हणून यंदा पावसाळ्याआधी तो शैलेश नावाच्या माणसामार्फत एका गोदामात लागला. शैलेशचे आडनाव व पत्ता मला माहीत नाही. राहायची खोली गोदामवाल्यांचीच. 'आजा, पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतलाय, सगळ्यांचाच ठेवतात,' असे भाविक फोनवर म्हणाला. मी म्हटले, 'अरे, पण मागून घे.' तो म्हणाला, 'तू लगेच घाबरतोस.'

त्यानंतर व्हिडिओ कॉल बंद झाला. आपण फोन केला तर उचलत नाही. मेसेज मात्र येतात. पूर्वी तो टाइप करायचा कंटाळा करी, बोलूनच पाठवी आणि आज बाजारात काय आले होते, हे आईला विचारी. आता 'ठीक आहे', 'कामात आहे' एवढेच येते. सुनेने पाठवलेले सुके बोंबील पोचले का विचारले, तरी 'ठीक आहे'.

आमच्या घरची एक रीत सांगणे जरूर आहे. बाहेर गेलेला माणूस परत कधी येणार हे कोणी विचारत नाही व जाणारा सांगत नाही. माझा मुलगा दिनेश, म्हणजे भाविकचा बाप, 'शनिवारी येतो' असे सांगून होडीवर गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून घरात कोणी वार-तारीख बोलत नाही. विमानतळावर सून विचारायला गेली तर भाविकने तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हणाला, 'आई, गप! दारात दिसलो की समज, आलो.'

गेल्या रविवारी मी शेजारच्या दिपकला मुद्दाम मेसेज टाकायला लावला, की कधी येतोस. वाटले, पोरगा चिडेल, 'आजा, डोकं फिरलं का तुझं' म्हणेल. तसे म्हणावे म्हणूनच विचारले. लगेच उत्तर आले, 'मी १५ तारखेला येतो. कोणाला काही विचारू नका.'

दिपक म्हणाला, 'काका, पेढे काढा! नातू येतोय आणि तुम्ही असे बसून काय राहिलात?' सून दारातच उभी होती. घरची रीत तिला माझ्याइतकीच माहीत आहे. संध्याकाळी तिने चांगले बोंबील निवडून भाविकसाठी वेगळ्या डब्यात भरले. मी तिला काही सांगितलेले नाही. इथे आलो तेही सांगितलेले नाही.

माझे म्हणणे असे की, तो फोन आता भाविकच्या हातात नाही. कोणाच्या हातात आहे ते मला माहीत नाही. माझ्या नातवाचा शोध व्हावा. साहेबांनी त्या नंबरवर एकदम फोन करू नये. आम्हाला कळले आहे हे समोरच्याला कळले तर भाविकचे काय करतील, याची मला धास्ती आहे.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे. 'नातू १५ तारखेला परत येणार आहे' असे एक वाक्य त्यात आले होते, ते मी खोडायला लावले व खोडले तिथे सही केली.