मेणावर उमटलेलं

नदीवर धुकं होतं, म्हणून फिलाडेल्फियाला जाणारी बोट रखडली होती. लॉटी टोप्यांचे खोके मांडीवर घेऊन धक्क्यावर बसली होती. शेजारच्या बाकावर पियानो वाजवणारी म्हातारी ओटिली आणि तिचा भाऊ एमिल रेकॉर्डिंग उरकून आले होते, आणि त्यांची जुंपली होती.

“सकाळपासूनचं सगळ्यात सुंदर वाजवणं, आणि तूच घालवलंस.”

“घालवलं नाही. ऐकलं.”

“तो रेकॉर्डिंगवाला कानीकपाळी ओरडत होता, वाजवणं उमटलेलं मेण मऊ असतं, ऐकायला एकदा जरी सुई फिरवली की त्यातून तबकड्या निघायच्या नाहीत!”

“कळलं होतं मला. बहिरी नाही झाले अजून.”

“मग पुन्हा तसंच वाजवायचं होतंस.”

“वाजवलं की तीनदा. बोटं वळली नाहीत.”

“हजार घरांत वाजली असती ती तबकडी, ओटिली.”

“पन्नास वर्षं लोकांनीच ऐकलं मला. मी कधी ऐकायचं?”

बोट धक्क्याला लागली, माणसं उठली. लॉटी मात्र पुढचं ऐकायला बसूनच राहिली.

“बरं. कसं होतं मग?” एमिलने विचारलं.

“भोंग्यातून फार लांबून येत होतं रे. शेजारच्या घरात खिडकी लावून कुणी वाजवत असावं तसं. मला वाटलं, कोण बरं ही बाई? जाऊन तिचं दार ठोठवावं.”

“ठोठवायचंस की.”

“तोवर संपलं.”